सवय झाली म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली?

पाऊस सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो: ‘मुलांना पाणी उकळून देऊ नका. थोडे जंतू पोटात गेले की पेशींना त्यांच्या विषाची सवय होते, प्रतिकारशक्ती वाढते, लशींची गरजच उरत नाही. आपल्या आज्या ओढ्याचंच पाणी प्यायच्या.’

सवय होते, हे खरं आहे, आणि म्हणूनच हा संदेश पटतो. टायफॉइडसारख्या जिवाणूंच्या आवरणातच एक विष असतं, लिपोपॉलिसॅकराइड. १९४०च्या दशकात पॉल बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी सशांना मारलेल्या टायफॉइड जिवाणूंची लस पुन्हा पुन्हा टोचली. आधी सणकून ताप आला, नंतर दर खेपेला कमी.

पण सवय झाली म्हणजे नेमकं काय झालं? आपल्या भक्षक पेशींवर टीएलआर-४ नावाचा पहारेकरी असतो. त्याला हे विष लागलं की पेशी टीएनएफसारखी दाह पेटवणारी रसायनं सोडते आणि ताप चढतो. लगेच पुन्हा तेच विष आलं, तर पेशी आतला निरोप वाटेतच अडवते. २००७ मध्ये प्रतिकारशक्तीचे अभ्यासक रुस्लान मेझितोव्ह यांच्या गटाने उंदरांच्या पेशींत दाखवलं की दाह पेटवणारी जनुकं तेव्हा बंद होतात, जंतू मारणारी मात्र चालू राहतात. म्हणजे हा आपल्याच आगीत आपण होरपळू नये म्हणून लावलेला ब्रेक आहे, आणि तो काही काळापुरताच. जंतूची ओळख वर्षानुवर्षं लक्षात ठेवणं हे बी आणि टी नावाच्या पांढऱ्या पेशींचं काम. लस त्यांना शिकवते.

हाच ब्रेक सुटला नाही, तर जिवावर बेततं. सेप्सिसमध्ये संसर्गाला शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर जातो. अशा रुग्णांत ते पहिलं वादळ ओसरल्यावर रक्तातल्या मोनोसाइट पेशी मुक्या होतात. त्यांना विष दाखवलं तरी टीएनएफ नीट निघत नाही, आणि अशा वेळी दुसरा संसर्ग गाठतो. याला कुणी ताकद म्हणेल का?

शिवाय सगळी विषं एका जातीची नसतात. पटकीचं (कॉलऱ्याचं) विष थेट आतड्याच्या अस्तरावर काम करतं. जोराच्या पटकीत तासाला लिटरभर पाणी शरीरातून जाऊ शकतं. धनुर्वाताचं विष तर इतक्या कणभर मात्रेत मारतं की त्यातून वाचलेल्याच्या शरीरातही प्रतिकारशक्ती तयार होत नाही. बरा झालेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते.

राहिल्या आज्या. त्यांची किती भावंडं हगवणीनं, पटकीनं गेली, ते त्यांनाच विचारा.