पाऊस, सखा आणि पातेली

हल्ली हातात येणाऱ्या बऱ्याच नव्या कवितासंग्रहांच्या मलपृष्ठावर साधारण एकच वाक्य असतं: निसर्ग, प्रेम आणि रोजचं जगणं यांचा उत्सव. अनुक्रमणिका उघडावी तर तसेच तीन विभाग. पहिल्यात पाऊस, पारिजातक, झालंच तर गुलमोहोर. दुसऱ्यात 'तू'. तिसऱ्यात चहाचा कप आणि लोकल. पावसाच्या विभागात कुणाचे कपडे वाळायचे राहिलेले नसतात आणि 'तू'च्या विभागात कुणाला सकाळी उठून डबा करायचा नसतो. ही वाटणीच कवितेच्या मुळावर येते, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंदिरा संतांची 'नको नको रे पावसा' घ्या. जून उजाडला की ती व्हॉट्सअॅपवर फिरायला लागते, हिरव्या डोंगराच्या फोटोसकट, पावसाची गोड कविता म्हणून. अहो, ती बाई पावसाला चक्क नको म्हणतेय! घर चंद्रमौळी, कौलं गळताहेत, आणि गळतीखाली लावायला पुरेशी भांडी नाहीत. तांबे, सतेली, पातेली आणू कुठून, हा तिचा रोकडा सवाल. (फोटोवर जागा पुरत नाही म्हणून नेमकं हेच कडवं गाळलेलं मी पाहिलंय.) दारात नाजूक सायली, ती हा आडदांड मातीत लोळवणार. अंगावर नेसूचं जुनेर, तेही भिजवणार. बदलायला दुसरं आहे की नाही हे कविता सांगत नाही, पण 'जुनेर' म्हटल्यावर सांगायला कशाला हवं?

एवढं सगळं झाल्यावर ती मुद्द्यावर येते. तुझं इतकं सोसलं, आता माझं एवढं ऐक, वाटेला लागलेल्या माझ्या सख्याला माघारी आण. आठ कोस आडवा धाव. विजेबाईलाही ती सांगते, कडाडून त्याला मागे फिरव. आणि पावसा, त्याला नीट सांभाळून आणलंस तर घाल हवा तेवढा धिंगाणा, मी चकार शब्द बोलणार नाही. वर तुझ्यासाठी पितळेची लोटीवाटी मांडीन!

ही कोणत्या विभागात टाकणार? गळकं छप्पर काढून टाका, तिच्या सौद्यात काही दमच उरत नाही. तेच छप्पर ती सख्यासाठी गळू द्यायला तयार होते, तिथे तिचं प्रेम कळतं. आणि गळतीला भांडी नसलेल्या घरात पावसाचा पाहुणचार मात्र पितळेच्या भांड्यात. असा खट्याळपणा मला पाडगांवकरांच्या पावसातसुद्धा फारसा सापडत नाही. भांडायचं असेल तर या.

इंदिराबाई म्हटल्या की आपण पटकन 'विरह' म्हणून मोकळे होतो. कारण उघड आहे. १९४० साली पती ना. मा. संत यांच्यासोबत 'सहवास' हा दोघांचा संग्रह निघाला, १९४६ साली ते गेले, आणि १९५१ साली आला तो त्यांचा एकटीचा 'शेला'. दुःख खरंच होतं. पण त्या चष्म्यातून वाचलं की बेळगावचा पाऊस, शिक्षिकेची नोकरी, घरातली भांडीकुंडी हे सगळं नुसतं नेपथ्य होऊन बसतं. वरच्या कवितेतला सखा तर अजून वाटेतच आहे, हाकेच्या नाही तरी विजेच्या टप्प्यात.

हे एकजीव करणं त्यांना कुठून साधलं असेल? माझा अंदाज, ओवीतून. त्यांनी पुढे 'मालनगाथा'त बायकांच्या ओव्या जमवल्या, त्यांच्यावर जीव लावून लिहिलं. जात्यावर बसलेली बाई दळण, भाऊ, पाऊस आणि विठ्ठल एकाच दमात गाते. तिला कुणी अनुक्रमणिका मागितली नव्हती.

आता कुणीतरी म्हणेल, बालकवींचं काय? निखळ निसर्ग. खरंय, पण 'औदुंबर'मध्येही पैल टेकडीकडे चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, डोहाकडे जाणारी पायवाट आहे. कुणीतरी रोज चालल्याशिवाय पायवाट पडत नाही.

इंदिराबाई वाचायला कुठून सुरुवात करावी, असं हमखास विचारलं जातं. साहित्य अकादमी पुरस्कार 'गर्भरेशीम'ला आहे (१९८४), म्हणून लोक तोच आधी घेतात. मी 'मृगजळ' आधी हातात देईन, मग 'रंगबावरी'. आणि ओळीने वाचू नका, मध्येच कुठलंही पान उघडा.