हॉबगॉब्लिनच का? एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

आपण वेळ काढून परखड आणि मुद्देसूद प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या कल्पनारम्य खेळातले सगळे वंश एकमेकांविरुद्ध सर्वंकष युद्धात उतरले, तर शेवटी शिस्तबद्ध, लढवय्या हॉबगॉब्लिनांच्या हुकमतीखालची गॉब्लिन फौजच उभी राहील, असे मी मूळ लेखात म्हटले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. पहिला असा, की मी युद्धाऐवजी जनगणना मांडली आहे. 750 वर्षे जगणारा एल्फ जादूगार एका मंत्रात अख्खी पलटण संपवतो आणि त्याला केवळ चार तासांची विश्रांती पुरते, हे मी हिशेबात धरलेले नाही. दुसरा असा, की गॉब्लिन, हॉबगॉब्लिन आणि बगबेअर हे नात्यातले तीन वंश म्हणजे एका झेंड्याखाली फार काळ राहणारे लोक नाहीत. तिसरा असा, की खेळातल्या एबेरॉन या काल्पनिक जगात शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ‘लास्ट वॉर’मध्ये हॉबगॉब्लिनांच्या पदरी जेमतेम एक कोपरा पडला. पहिल्या आक्षेपाला मी बरीच जास्त जागा देणार आहे, कारण आपल्या दोघांतल्या मतभेदाचे मूळ तिथेच आहे.

आधी युद्धाच्या अटी पुन्हा सांगतो. देव किंवा परलोकातले कोणी प्रत्यक्ष उतरत नाहीत, ड्रॅगन तटस्थ राहतात, दोन वंशांत कायमची युती होत नाही आणि तह नाही. आकडे खेळाच्या 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीतले आणि 2016 साली आलेल्या पूरक पुस्तकातले आहेत. नंतरच्या पुस्तकांनी गॉब्लिनांसारख्या वंशांना वयाचे स्वतंत्र आकडे देणे सोडून दिले. पण युद्धाचा विचार करायचा तर तेच आकडे सर्वांत उपयोगी आहेत, म्हणून मी जुन्या पुस्तकांना धरून आहे.

आता एल्फ. नियमपुस्तकानुसार एल्फ शरीराने माणसाइतक्याच वेगाने वाढतो, मात्र तो स्वतःला प्रौढ म्हणवून घेतो ते शंभरीच्या सुमारास. यावर कोणी म्हणेल, की युद्धाची निकड असेल तर वीस वर्षांच्या एल्फालाही भरती करता येईल. अवश्य करता येईल. पण मग ज्या शतकांच्या अनुभवावर आपला सगळा युक्तिवाद उभा आहे, तो अनुभव त्याच्यापाशी नसेल. तो माणसाच्या पोराइतकाच कच्चा असेल. चारशे वर्षे साधना केलेला जादूगार हवा असेल, तर चारशे वर्षे थांबावे लागते, आणि तो एका बेसावध क्षणी पडला तर त्याची जागा भरायला पुन्हा तितकीच वर्षे लागतात. गॉब्लिन आठव्या वर्षी प्रौढ होतो. चारशे वर्षांत त्याच्या पन्नास पिढ्या होऊन जातात. मी जनगणना केली असे आपण म्हणता. खरे तर आज डोकी किती आहेत हा माझा प्रश्नच नव्हता. पडलेल्याच्या जागी दुसरा किती दिवसांत उभा राहतो, हे मी मोजत होतो. सर्वंकष युद्ध एका लढाईत निकालात निघत नाही, आणि म्हणून एका लढाईतला पराक्रम त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

तरीही मंत्रशक्तीचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून तो नियमांच्या कसोटीवर घासून पाहू. आपण उल्लेख केलेला ‘मीटिअर स्वॉर्म’ हा उल्का पाडणारा, नवव्या म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा मंत्र एक मैलावरून टाकता येतो आणि चाळीस फूट त्रिज्येची चार वर्तुळे जाळून काढतो. भयंकर प्रकार आहे, यात वाद नाही. परंतु विसाव्या, म्हणजे सर्वोच्च लेव्हलच्या जादूगाराकडेही नवव्या पातळीच्या मंत्राची जागा (तो टाकण्याची संधी) दिवसाला एकच असते, आणि सगळ्या पातळ्या मिळून त्याच्या जागा 22 भरतात. एल्फाला चार तासांची समाधी पुरते म्हणून तो दुप्पट मंत्र टाकेल, हे आपले गणित नियमात बसत नाही, कारण चोवीस तासांत मंत्रांच्या जागा परत भरणाऱ्या दीर्घ विश्रांतीचा लाभ एकदाच मिळतो, मग ती विश्रांती चार तासांची असो की आठ. वाचलेल्या चार तासांत तो पहारा देऊ शकेल, पुस्तक वाचू शकेल. मंत्रांचा साठा मात्र पुन्हा भरणार नाही.

दुसरी गोष्ट पाचव्या आवृत्तीच्या रचनेतच आहे. या आवृत्तीत हल्ल्याचे आणि बचावाचे आकडे मुद्दाम आटोक्यात ठेवलेले आहेत (जाणकार याला ‘बाउंडेड ॲक्युरसी’ म्हणतात), त्यामुळे किरकोळ शत्रूदेखील संख्येने पुरेसे असले तर बलाढ्याला भारी पडतात. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले, की समोरचे चिलखत कसलेही असो, वार लागतोच. उदाहरण म्हणून नियमपुस्तकातला ‘आर्चमेज’ हा महाजादूगार घेऊ. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे तो सोसू शकेल ती इजा, 99. ‘मेज आर्मर’ हा संरक्षक मंत्र धरून त्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 15, आणि आपल्या समाधानासाठी वर ‘शील्ड’ या बचावमंत्राची भर घातली तर 20. समोर दोनशे हॉबगॉब्लिन धनुर्धारी आहेत. त्यांच्या लाँगबोचा सहज पल्ला 150 फूट आहे, आणि ‘फायरबॉल’ या आगीच्या मंत्राचा पल्लाही नेमका तितकाच आहे. हल्ल्याला त्यांना अधिक तीन मिळतात, म्हणजे फाशावर सतरा किंवा त्याहून जास्त पडायला हवे. पाचांतला एक बाण लागेल, दोनशेंतले चाळीस. ‘स्टोनस्किन’ या मंत्रामुळे प्रत्येक बाणाची इजा निम्मी केली आणि अपूर्णांक जादूगाराच्या पदरात टाकले, तरी सहा सेकंदांच्या एका फेरीत एकूण इजा शंभराच्या पुढे जाते. जादूगार उडेल, अदृश्य होईल, मैलभर लांब राहील, असे आपण म्हणाल, आणि शहाणा जादूगार तेच करेल. पण मग तो दिवसातून एकदा उल्का पाडून परत जाणारा, आपला जीव सांभाळून लढणारा योद्धा झाला. अशा योद्ध्याने शत्रूची दाणादाण उडते; शत्रूचा मुलूख त्याच्याने राखला जात नाही.

शिवाय मंत्रविद्या ही एल्फांची मिरास नाही. 2016च्या त्याच पुस्तकात हॉबगॉब्लिनांची ‘ॲकॅडमी ऑफ डेव्हास्टेशन’ आहे. जादूची उपजत जाण असलेली मुले हेरून ती त्यांना थेट रणांगणासाठी तयार करते. तिथून निघालेल्या ‘डेव्हास्टेटर’चे वैशिष्ट्य असे, की त्याच्या मंत्राच्या तडाख्यातून तो आपल्या बाजूच्या सैनिकांना वगळू शकतो. हातघाईला आलेल्या गर्दीत फायरबॉल टाकायचा आणि आपले लोक त्यातून सुखरूप बाहेर काढायचे, हे लहान वाटले तरी सेनापतीच्या दृष्टीने अमूल्य आहे. एल्फ जादूगाराने स्वतःसाठी शतके घालवून जे कौशल्य मिळवलेले असते, त्याची सैन्याला सोयीची आवृत्ती हॉबगॉब्लिनांनी शाळेत शिकवायला घेतली आहे.

आणि हे केवळ कागदावरचे गणित आहे असेही नाही. ‘फरगॉटन रिअल्म्स’ या खेळातल्या दुसऱ्या जगाच्या इतिहासात मिथ ड्रॅनर या एल्फ नगराचे काय झाले, ते आपल्याला ठाऊक असेलच. एल्फांच्या महाजादूने, मिथलने, वेढलेले ते नगर त्या जगातल्या डेलगणनेच्या 711 ते 714 या तीन वर्षांच्या ‘वीपिंग वॉर’मध्ये पडले. हल्लेखोरांचे म्होरके नायकलॉथ, म्हणजे परलोकातले राक्षस होते, ही गोष्ट माझ्या बाजूची नाही, हे मान्य आहे. पण तटाशी येऊन थडकणारी आणि रोज मरून रोज पुन्हा भरली जाणारी गर्दी ऑर्क, नोल, ओगर अशा रानटी वंशांचीच होती. पुढे 1344 साली एल्फांनी एव्हरमीट बेटाकडे माघार सुरू केली. ज्या वंशाला आपण अजिंक्य म्हणता, त्याने मुख्य भूमी सोडायचे ठरवले, आणि तेही कोणाशी सर्वंकष युद्ध चालू नसताना. ड्वार्फ या बुटक्या वंशाच्या बाबतीत तर खेळाच्या लेखकांनी लोकसंख्येचा प्रश्न उघडच मान्य केला आहे: त्यांचा वंश खुंटत चालला होता, म्हणून 1306 साली मोराडिन देवाने ‘थंडर ब्लेसिंग’ दिले आणि घरोघरी जुळी जन्मू लागली. उत्तम शस्त्रे, उत्तम किल्ले आणि साडेतीनशे वर्षांचे आयुष्य हाताशी असूनही ज्यांना पाळणा हलता राहावा म्हणून देवाकडे बघावे लागले, त्यांना विजेता ठरवताना मला संकोच वाटतो.

खरे सांगायचे तर एल्फांची बाजू मांडायला मी उभा राहिलो असतो, तर मीटिअर स्वॉर्मचे नावही काढले नसते. मी ‘प्लांट ग्रोथ’ हा साधा, तिसऱ्या पातळीचा मंत्र घेतला असता. आठ तास बसून तो केला, की अर्धा मैल त्रिज्येतली, म्हणजे सुमारे पाचशे एकर जमीन वर्षभर दुप्पट पीक देते. याच्या तुलनेत ‘क्रिएट फूड अँड वॉटर’ पाहा: एका वेळी पंधरा जणांचे एका दिवसाचे पोट. दहा हजारांची फौज त्यावर पोसायची, तर रोज 667 वेळा मंत्र टाकावा लागेल; पाचव्या लेव्हलच्या पुरोहिताला दिवसातून दोनदाच तो जमतो, म्हणजे निव्वळ मुदपाकखान्यासाठी 334 पुरोहित. धान्य शेतातच पिकले पाहिजे, आणि ते दुप्पट पिकवणारे ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारे, एल्फांत मुबलक असावेत. हा मुद्दा आपण मांडला असतात तर मला जास्त विचार करावा लागला असता. मात्र नांगरलेली जमीन एल्फांपेक्षा माणसांकडे कितीतरी जास्त आहे, आणि मंत्र कोणाच्याही शेतात तितकाच चालतो. त्यामुळे हा युक्तिवाद शेवटी माणसांच्या पदरात जाऊन पडतो.

माझ्या दृष्टीने हॉबगॉब्लिनांचा खरा प्रतिस्पर्धी माणूसच आहे. दोघेही एकाच वयात प्रौढ होतात आणि साधारण सारखेच जगतात. फरक पडतो तो रात्री. हॉबगॉब्लिनाला अंधारात साठ फुटांपर्यंत दिसते; माणसाला मशाल पेटवावी लागते, आणि मशाल पेटवणारा सैनिक स्वतःचा ठावठिकाणा शत्रूला सांगत असतो. छापा आणि गनिमी कावा यांचे अर्धे काम अंधारच करतो. त्यात ज्या शत्रूवर वार करायचा त्याच्या शेजारी आपला साथीदार असला, की हॉबगॉब्लिनाच्या वाराला दर फेरीत दोन फाशांची जास्तीची इजा मिळते. ओळ न मोडणाऱ्याला बक्षीस देणारा हा नियम आहे. आणि मागे गॉब्लिनांची दर आठ वर्षांनी तयार होणारी नवी भरती आहे, जी माणसांपाशी नाही.

आपला दुसरा आक्षेप फुटीचा. बगबेअर आळशी आणि लहरी असतात, गॉब्लिन भीतीपोटी हुकूम पाळतात, हे खरेच आहे, आणि या फौजेची सर्वांत कच्ची शिवण तीच आहे. मात्र एकीची कसोटी लावायची तर ती सगळ्यांना लावावी लागेल. एल्फांची ‘क्राउन वॉर्स’ सुमारे तीन हजार वर्षे चालली, आणि ती एल्फांनी एल्फांविरुद्धच लढली. त्यातूनच ड्राउ हे एल्फ जमिनीखाली ढकलले गेले, इतके की उन्हात लढणे त्यांना आजही जड जाते. एबेरॉनमध्ये माणसांचे गॅलिफार हे एकसंध राज्य वारसाहक्काच्या वादात पाच तुकड्यांत फुटले. त्याच जगात गॉब्लिन वंशांचे धाकान साम्राज्य मात्र खोर्वेअर खंडावर हजारो वर्षे टिकले. ते कोणत्याही वंशापुढे हरले नाही. झोरिआट या दुसऱ्याच लोकातून डेलकिर नावाचे आक्रमक चालून आले, त्या धक्क्यातून ते सावरले नाही. आणि माझ्या अटींत परलोकातून येणाऱ्यांना प्रवेश नाही. म्हणजे हॉबगॉब्लिनांच्या हाताखाली बाकीचे गॉब्लिन वंश टिकून राहू शकतात, याचा दाखला खेळाने आधीच दिलेला आहे.

तिसरा आक्षेप लास्ट वॉरचा. हे युद्ध एबेरॉनच्या कालगणनेत 894 पासून 996 पर्यंत चालले. त्यात 969 साली हारूकच्या नेतृत्वाखाली हॉबगॉब्लिनांनी दारगूनचे राज्य उभे केले, आणि आपण त्याला कोपरा म्हणता. पण 956 साली व्हॅलेनारच्या एल्फांनीही तेच केले होते. दोघेही भाडोत्री सैनिक म्हणून आले आणि दोघांनीही सायर या देशाचा लचका तोडला. जो पुरावा दोन्ही पक्षकारांना सारखाच लागू पडतो, तो आपल्या दोघांतला वाद मिटवू शकत नाही.

त्या युद्धातून एक वेगळीच गोष्ट मात्र दिसते, आणि ती माझ्या मूळ मुद्द्याच्या अगदी जवळची आहे. सात दशके लढून माणसांची राज्ये इतकी थकली होती, की जादूची यंत्रे बनवणाऱ्या कॅनिथ घराण्याने सैनिक जन्माला येण्याची वाट पाहणेच सोडून दिले आणि 965च्या सुमारास भट्टीतून वॉरफोर्ज्ड हे जिवंत यंत्रसैनिक घडवायला सुरुवात केली. वॉरफोर्ज्ड जेवत नाही, झोपत नाही, श्वास घेत नाही, आणि त्याला आठ वर्षेसुद्धा वाढवावे लागत नाही. युद्ध संपवणाऱ्या थ्रोनहोल्डच्या तहाने वॉरफोर्ज्डना स्वातंत्र्य दिले, पण त्याच तहाने त्या भट्ट्यांवर बंदीही घातली. म्हणजे हा वंश स्वतःची भर स्वतः घालू शकत नाही, आणि म्हणूनच मी त्याला मूळ लेखात स्पर्धेत धरले नव्हते. उद्या कोणी अटी बदलून चालू भट्ट्या वॉरफोर्ज्डच्याच ताब्यात दिल्या, तर हॉबगॉब्लिनांची बाजू मी त्याच दिवशी सोडेन; एल्फांची बाजू घ्यायला मात्र तेव्हाही मला काही कारण दिसत नाही.