लसीला सूट, गोळीला नाही

काल कट्ट्यावर पक्याने एक पिल्लू सोडलं आणि दीड तास गेला. म्हणे जगभर साथ आली की औषधांची सगळी पेटंटं त्याच दिवशी गुंडाळून ठेवायची, माणसं मरतायत आणि मालकी कसली सांगता. वकील (नावाने त्याला कुणी हाक मारत नाही) लगेच उखडला, अरे दहा औषधं फसतात तेव्हा एक बाजारात येतं, तो खर्च कोण तुझा काका देणार? पुढच्या साथीला कोणी पैसाच लावला नाही तर बस बोंबलत. पक्या म्हणे मॉडर्नाच्या कोविड लसीत अमेरिकन सरकारने किती ओतले ते बघ आधी, पैसा टॅक्सवाल्यांचा आणि मालकी कंपनीची, वा रे वा.

मग मंद्या बोलला. तो फार्मा प्लांटला आहे, बोलतो कमी. गोळी म्हणजे एक रेणू, तो कळला की चांगला केमिस्ट बनवायचा रस्ता शोधून काढतोच. पण मॉडर्नासारख्या एमआरएनए लसीत पेशीला निरोप देणारा एक नाजूक धागा चरबीच्या बारीकशा थेंबात बसवायचा असतो, दोन द्रव कुठल्या वेगाने मिसळले यावर थेंबाचा आकार ठरतो, आणि यातलं बरंचसं पेटंटमध्ये लिहिलेलं नसतंच, ते काम करणाऱ्याच्या हातात असतं. मॉडर्नाने ऑक्टोबर 2020 मध्येच सांगितलेलं की साथ असेपर्यंत पेटंटवरून कुणाला कोर्टात खेचणार नाही, म्हणून काय लगेच गल्लोगल्ली लस झाली का? केप टाऊनच्या अफ्रिजेन कंपनीने मॉडर्नाच्या मदतीशिवाय तिच्या लसीचा नमुना केला तोवर 2022 उजाडलं, तोही लॅबपुरता.

वकील खूश. मंद्या म्हणे थांब, खुश होऊ नकोस, गोळ्यांचं उलटं आहे. 2001 ला सिप्लाने एचआयव्हीची औषधं एका रुग्णामागे वर्षाला 350 डॉलरला देऊ केली, पेटंटवाल्या कंपन्यांचा भाव तेव्हा 10 हजारांच्या वर होता, आणि हे जमलं कारण 2005 पर्यंत आपल्याकडे औषधाच्या प्रॉडक्टवर पेटंटच नव्हतं, फक्त प्रोसेसवर, म्हणजे तीच गोळी वेगळ्या रीतीने बनवली की चालायचं.

इथे माझं डोकं फिरलं. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने 2 ऑक्टोबर 2020 ला डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, कोविडसाठी सूट मागितली कशावर, तर लस, औषधं, टेस्ट, वर ट्रेड सिक्रेट (कंपनीने गुप्त ठेवलेली कृती) सुद्धा. मिळालं 17 जून 2022 ला, आणि ते फक्त लसीच्या पेटंटपुरतं! गोळ्या न् टेस्टचं सहा महिन्यांत बघू म्हणाले, ते काही झालं नाही. म्हणजे जिथे नुसत्या पेटंटने फारसं अडत नाही तिथे सूट, आणि जिथे पेटंट हीच भिंत आहे तिथे भिंत तशीच.

वकील तरी हटेना, म्हणे डब्ल्यूटीओचाच दोहा जाहीरनामा 2001 पासून आहे ना, सक्तीचा परवाना काढा, म्हणजे मालक नको म्हणाला तरी सरकार दुसऱ्याला औषध बनवू देतं, दुसऱ्या देशात पाठवायची पण सोय आहे. पक्याने मोबाईलवर शोधून त्याच्या नाकासमोर धरलं: त्याच सोयीने कॅनडातून रवांडाला एचआयव्हीच्या गोळ्या, मागणी जुलै 2007, पहिला माल सप्टेंबर 2008.

वकील स्क्रोल करत बसला. मग म्हणाला, कागदपत्रं अपुरी असतील.