साडेतीन टनाच्या व्हॅनमध्ये साडेतीन टन सामान? नाही हो!

सध्या एक मेसेज फिरतोय, की स्वतःची ३.५ टनाची व्हॅन घेतली की साडेतीन टन सामान भरता येतं, म्हणजे अख्खं घर एकाच खेपेत. साफ चूक. तो ३,५०० किलोचा आकडा गाडीचं स्वतःचं वजन, डिझेल, ड्रायव्हर, हेल्पर आणि सामान सगळं धरून आहे. मोठी व्हॅन रिकामीच दोन टनांच्या आसपास किंवा पुढे असते, त्यामुळे सामानाला उरतात साधारण १,००० ते १,४०० किलो, आणि मागे टेल लिफ्ट (जड सामान वर चढवणारा यांत्रिक फळा) बसवली असेल तर आणखी कमी, कारण तिचं वजनही त्यातच. सोफा, गाद्या नुसती जागा खातात, खरा दगा देतात ती पुस्तकं... एक खोका सहज २० किलो, असे पन्नास भरले की गाडी अर्धी रिकामी दिसते पण वजन संपलेलं असतं. ओव्हरलोड गाडी ब्रेक मारल्यावर लांब जाऊन थांबते, टायर तापतात, शिवाय इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो तो वेगळाच. गिऱ्हाईक "एवढं एक कपाट बसेल की हो" म्हणतंच, मी सरळ दुसऱ्या खेपेचे पैसे सांगतो. आपल्या गाडीचा वजनाचा आकडा गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवर (नंबर प्लेट नव्हे) असतो, आधी तो वाचा.