"मस्टरवर एकोणीसच माणसं दाखवा"

परवा एक ओळखीचे कारखानदार ऑफिसला आले आणि बसायच्या आधीच हे वाक्य बोलले. कामाला माणसं बावीस. वीस झाली की पीएफ लागू होतो, म्हणून तीन नावं मस्टरच्या, म्हणजे हजेरीपटाच्या, बाहेर ठेवायची. मी नाही म्हटलं. ते रागावून गेले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

एकवीस वर्षं कोल्हापुरात बसून शिरोली, गोकुळ शिरगावच्या छोट्या युनिटांचे पगार आणि रिटर्न बघतोय. मालकांची ओढाताण मला ठाऊक आहे. पार्टीचं पेमेंट दोन-दोन महिने येत नाही, पगार मात्र सात तारखेपर्यंत द्यावाच लागतो. पण एकदा शांतपणे हिशेब मांडून बघा. पंधरा हजार पगारावर मालकाचा बारा टक्के हिस्सा 1,800 रुपये, विम्याचे 75, प्रशासन खर्चाचे 75. माणशी 1,950. बावीस माणसांचे वर्षाला 5,14,800. ही रक्कम धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होते. तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर दीड लाखाच्या वर कर तिथंच वाचतो. (खर्चाचा हिशेब न देता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवून रिटर्न भरणाऱ्यांना ही वजावट वेगळी मिळत नाही, हे लक्षात ठेवा.)

आता विम्याच्या त्या 75 रुपयांबद्दल, कारण त्यांच्याकडं कुणी बघतच नाही.

माझ्याकडच्या एका युनिटमधला टर्नर, बारा वर्षं नोकरी, रात्रपाळीहून घरी आला आणि पहाटे हार्ट अटॅकनं गेला. वय 38. पंधरा दिवसांनी त्याची बायको आली. हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, त्यात आधार कार्डं, बँकेचं पासबुक आणि मुलीचा शाळेचा दाखला. "दादा, मालक म्हणाले तुमच्याकडं जा. काही मिळंल का?" एवढंच विचारलं तिनं.

मिळालं. पीएफची शिल्लक तर मिळालीच, शिवाय ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबतच्या आयुर्विमा योजनेचे, सात लाख. या योजनेत पगाराच्या 35 पट, म्हणजे जास्तीत जास्त सव्वापाच लाख, आणि पीएफ शिल्लकीच्या निम्मे, जास्तीत जास्त पावणेदोन लाख, असा हिशेब असतो. कामगाराच्या खिशातून त्यासाठी एक पैसा जात नाही. तिला आणि मुलीला पेन्शनही सुरू झाली. नोकरीत असताना माणूस गेला तर पेन्शन खात्यात एका महिन्याची वर्गणी असली तरी विधवेला पेन्शन मिळते. मस्टरवर एकोणीसच दाखवून पीएफ टाळला, तर त्या बावीसपैकी कुणाच्याच घरी यातलं काही जाणार नाही.

पण पैसे हातात यायला सात महिने लागले. नॉमिनी म्हणून त्याच्या आईचं नाव होतं, लग्नाआधी भरलेलं, आणि आई चार वर्षांपूर्वीच वारली होती. दाखले, प्रतिज्ञापत्रं, पुन्हा दाखले. त्या सात महिन्यांत त्या बाईनं मंगळसूत्र गहाण ठेवलं. ते नाव बदलायला मोबाइलवर दहा मिनिटं लागली असती. मीही त्याला कधी विचारलं नव्हतं, याची बोच अजून आहे.

आणखी एक. पगारातून कापलेला पीएफ, कापलेला आयकर (टीडीएस), व्यवसाय कर, हे पैसे मालकाचे नाहीत. ते चालू खात्यात पडून राहिले की कच्च्या मालाला जातात, आणि पंधरा तारखेला चलन भरायला खात्यात काही नसतं. कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. पगार झाला त्याच दिवशी ती रक्कम वेगळ्या खात्यात टाका. टीडीएसची तारीख सात, पीएफ आणि ईएसआयची (कामगारांच्या आरोग्य विम्याची) पंधरा.

नोकरदारांनाही सांगायचंय. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. त्यामुळं जुन्या करप्रणालीतल्या 80सी कलमाच्या करसवलतीसाठी होणारी बचत अनेकांनी बंदच केली. कर वाचला हे चांगलंच, पण त्या बचतीवरच घरं उभी राहिली होती. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय. निदान टर्म विमा तरी घ्या. मालकांनीही घ्या, तुमच्यामागं तर पीएफसुद्धा नाही.

पुढचा पगार वाटाल तेव्हा प्रत्येकाला मोबाइलवर पीएफचं नॉमिनेशन उघडून दाखवायला सांगा. ज्यांची लग्नं नोकरीला लागल्यानंतर झालीत, त्यांचं आधी बघा.