गडग्यावरचा फोन

आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. ती मिळते परड्यातल्या गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, तीही फणसाकडे तोंड करून उभं राहिलं तर. म्हणून फोन दिवसभर तिथेच, चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेला असतो. पूर्णगडच्या बाजूला याचं कुणाला नवल नाही. नवल याचं, की मुंबईहून मुलाचा फोन आला की चारदा तुटतो आणि कर्जवाल्यांचा मात्र देवळातल्या घंटेसारखा खणखणीत येतो.

परवा घळ, म्हणजे जाळीची काठी, घेऊन आंबे काढत होतो. डबा वाजला. मुलगाच असणार, म्हणून घळ टाकून धावलो, गडग्यावर चढताना गुडघा सोलवटून घेतला.

"सर, कोकणात सी-फेसिंग प्लॉट घ्यायचाय का?"

समोर समुद्र, पाठीशी आजोबांनी लावलेली कलमं. म्हटलं, "बाई, मी त्यातच उभा आहे."

"मग सर, इन्व्हेस्टमेंटसाठी दुसरा?"

पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, 1909 ला 'स्टार्ट 0' असा मेसेज पाठवा." जाहिरातीचे फोन बंद करायला 'स्टार्ट' म्हणायचं, ही अक्कल सरकारलाच सुचावी! पण पाठवला. मग त्याने सगळं समजावलं. जाहिरातीचा फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवा, हा नियम. 1600 वाला नंबर बँकेबिंकेचा, कामाचा. बंदी नोंदवल्यावर नोंदणीकृत विक्रेते गप्प बसतात. उरतात ते साध्या दहा आकडी नंबरवाले. त्यांचं आमच्या बागेतल्या वानरांसारखं आहे. 'आत येण्यास मनाई' हा बोर्ड मी मोठ्या अक्षरांत लावलाय, पण वाचायचा कोणी?

त्यांची तक्रारही 1909 वरच. नंबर, तारीख आणि तो काय विकत होता, एवढं कळवायचं. पूर्वी यासाठी तीनच दिवस मिळत. तीन दिवसांत आमच्या गडग्यावर रेंज येईलच असं कोण सांगणार? फेब्रुवारी 2025 मध्ये 'ट्राय'ने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याचे सात केले, शिवाय आता बंदी नोंदवलेली नसली तरी तक्रार चालते. मी प्लॉटवालीची केली. केल्यावर दिवसभर उगाच वाईट वाटत राहिलं. पोर बोलायला गोड होती हो!

त्याच आठवड्यात पहिल्या पेट्या भरल्या. दरवर्षीप्रमाणे वही घेऊन गडग्यावर बसलो आणि मुंबई-पुण्याला एकेक फोन लावत सुटलो. "ओळखलंत का? हो, हो, झाडावरचाच. पेटी पाठवू?" दोघांनी मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. एकाने उचलून नुसताच ठेवला. बायको खालून म्हणाली, "अहो, पुरे आता, लोकांना कामं असतात."

बारावा फोन पुतण्याला.

"काका, मागितलेला नसताना धंद्याचा फोन, तोही दहा आकडी नंबरवरून! सात दिवस आहेत माझ्याकडे."

मी घसा खाकरला. "चार डझनी की पाच?"

"पाच," तो म्हणाला. "आणि मागल्या खेपेसारखी वरच्या थराला मोठी फळं नकोत."