काळ्या गाडीच्या बोनेटवरच्या रेषा: तुमच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. रबिंग-पॉलिश करून नेल्यावर उन्हात बोनेटभर रेषा दिसतात, पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावरचा रंग उडालाय, वॅक्स दोन आठवड्यांत गेलं आणि मागच्या दारावरचा ओरखडा पैसे मोजूनही तसाच राहिला, असं तुम्ही लिहिलंय. बोनेट आणि बंपर ही आमची चूक. वॅक्सचं पुढे सांगतो. ओरखड्याबाबत मात्र मी माझ्या शब्दावर ठाम आहे.

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. शेणानं सारवलेल्या अंगणात हाताचे अर्धगोल उठतात ना, तसे पट्टे आहेत. कोरड्या फडक्यानं पुसून पडलेले ओरखडे असे नसतात, ते उन्हाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. म्हणजे हे आमच्या मशीनचेच. रोटरी, म्हणजे एकाच जागी गरगर फिरणाऱ्या मशीनवर लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावली की जुने ओरखडे झपाझप निघतात, पण पॅड स्वतःच्या खुणा सोडून जातं. त्या काढायला फोमचं मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन दुसऱ्या मशीनचा हात द्यावा लागतो. ते ड्युअल अ‍ॅक्शन मशीन फिरता फिरता डोलतं, त्यामुळे एकाच जागी घासत बसत नाही. तुमच्या छताला आणि दारांना तो हात नीट मिळाला. बोनेट शेवटी उरलं, शनिवारची संध्याकाळ होती आणि तुम्ही आठला येणार होतात. पोरानं उरकून टाकलं, आणि मी तपासलं नाही.

तेव्हा रेषा दिसल्या नाहीत, कारण गाडी ट्यूबलाइटखाली ताब्यात दिली. त्यातून आम्ही लावतो त्या वॅक्समध्ये बारीक रेषा बुजवणारं तेल असतं. वॅक्स लावायच्या आधी पॅनल अल्कोहोल-पाण्यानं पुसून, टॉर्च तिरपा धरून बघायचा असतो, म्हणजे झाकलेलं सगळं उघडं पडतं. ते केलं असतं तर तुम्हाला रिव्ह्यू लिहावाच लागला नसता. दोन-तीन धुण्यांत वॅक्स उतरलं आणि खालचं वर आलं. तेव्हा वॅक्सची तक्रार आणि रेषांची तक्रार मुळात एकच आहे. एक मात्र सांगतो: सोसायटीत गाडी धुणारे दादा बादलीत कपड्यांची पावडर टाकत असतील तर कुठलंही वॅक्स टिकणार नाही. त्यांना गाडीचा शाम्पू आणून द्या.

आता बंपर. पत्र्याच्या पॅनलवर काम सुरू करण्याआधी आम्ही रंगाची जाडी मोजतो. तुमच्या बोनेटवर 110 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास आकडे आले होते, म्हणजे कंपनीचाच रंग. प्लास्टिकच्या बंपरवर आमचं मीटर चालतच नाही. तिथे विचारायचं असतं, 'सर, बंपर कधी रंगवून घेतलाय का?' ते विचारलं गेलं नाही. शिवाय कोपऱ्यावर आणि कडेवर रंग पातळ असतो, आणि प्लास्टिकवर उष्णता पसरत नाही, एका जागीच साठते. मशीन तिथे दोन सेकंद जास्त रेंगाळलं की संपलं. म्हणून कडांना आधी मास्किंग टेप लावतात. तुमच्या गाडीला दिव्यांभोवती आणि काळ्या पट्ट्यांवर टेप होती, त्या कोपऱ्यावर नव्हती. बंपर रंगवायचा पूर्ण खर्च माझा.

ओरखडा मात्र मी मुद्दाम सोडला, आणि गाडी कामाला घेताना तुम्हाला तसं सांगितलंही होतं. आठवत असेल, मी तुमचंच नख त्यावरून फिरवायला लावलं होतं आणि ते अडकलं होतं. वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. आपला केससुद्धा त्याहून जाड असतो. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणणं. नख अडकतंय इतका खोल ओरखडा काढायचा तर उन्हापासून रंगाला वाचवणारा थरच संपेल. त्या दिवशी दार चकाचक दिसलं असतं, तुम्ही पाच स्टारही दिले असते, आणि पुढे काही उन्हाळ्यांनी तिथे पांढरट चट्टा उठला असता. कोणी 'घासून काढून देतो' म्हणालं तर आधी मीटर लावायला सांगा. तिथे टचअप, म्हणजे ओरखड्यापुरता रंग भरणं, होईल, जवळून बघितल्यावर दिसेल, पण रंग शाबूत राहील.

बोनेट पुन्हा करून देतो, पैसे नकोत. दुसऱ्या हाताला फार तर 1-2 मायक्रॉन जातात, त्यामुळे त्याची काळजी नको. मीटरचे आधीचे आणि नंतरचे आकडे तुमच्यासमोर वाचून दाखवीन. या वेळी मशीन मी स्वतः धरणार आहे. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, राहू दे.

कुठल्याही दिवशी सकाळी दहाला या, आणि गाडी न्यायला दुसऱ्या दिवशी दुपारी या, म्हणजे उन्हात बघूनच घेता येईल. येण्याआधी गाडी पुसू नका. धूळ असेल तशी घेऊन या.